कोरा चहा, शेणव्याचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नाताळची सुट्टी लागली, की आम्ही भावंडं मुंबईहून आजोळी शेणव्याला जायचो. आसनगावला गाडीतून उतरायचं, शहापुरात एसटी पकडायची आणि किन्हवलीच्या रस्त्याला लागायचं. ही गोष्ट १९७० नंतरच्या दशकातली. भाताची झोडणी आटपलेली असायची, खळ्याशेजारी पेंढ्याची उडवी रचलेली असायची आणि रिकाम्या खाचरांत ओलीवर पेरलेला वाल वर आलेला असायचा. पहाटे थंडी अशी, की गोधडी सोडवत नसे. बाहेर ओढून काढायचा तो चुलीवर उकळणाऱ्या चहाचा वास.

त्या चहात दूध नसायचं. परसात मोरीच्या पाण्यावर पोसलेला गवती चहाचा ठोंब होता. त्याची चार पाती, ठेचलेलं आलं, दोन मिरे, घरात असलीच तर एखादी लवंग आणि गुळाचा खडा असं सगळं जर्मनच्या टोपात उकळायचं. वास सुटला, की चिमूटभर पत्ती टाकून टोप खाली उतरायचा. फडक्यातून गाळलेला तो लालसर चहा बशीत ओतून, शेकोटीपाशी उकिडवं बसून फुंकर मारत प्यायचा.

आता हे सांगताना तोंडाला पाणी सुटतं. पण तेव्हा मी मुंबईचा मुलगा होतो. आमच्या घरी आरेच्या केंद्रावरून काचेच्या बाटलीतून दूध यायचं. एका सुट्टीत पहिल्याच सकाळी मी विचारलं, "आजी, दूध नाही का गं?" आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या एकट्याच्या कपात दूध होतं. मामीनं नंतर सांगितलं, की आजीनं ते शेजारून वाटीभर मागून आणलं होतं. त्या घरात तान्हं मूल होतं. तो कप मला अजून आठवतो. पाहुणा दारात आला, की आजी आधीच सांगून टाकायची, "कोराच हाय, चालंल ना?" तिच्या आवाजातला तो संकोच मला पुढे इतिहास वाचायला लागल्यावर छळू लागला. बिनदुधाच्या चहाची लाज वाटावी, हे आपल्याला शिकवलं कोणी?

शोध घेताना मी पहिल्यांदा पोहोचलो सुरतेला, आपल्या उत्तर कोकणाला लागून असलेल्या त्या जुन्या बंदरात. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये तिथे होता आणि त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये छापून आलं. तिथले बनिया व्यापारी चहा कसा पितात, हे त्यानं लिहून ठेवलं आहे. पाण्यात उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखीवर आणि पोटातल्या कळांवर गुणकारी समजला जाई. कोणी त्यात खडीसाखर घाली, कोणी मुरवलेलं लिंबू. दुधाचा उल्लेख नाही. चहा अर्थातच चीनहून समुद्रमार्गे आलेला. आसामच्या रानातल्या चहाकडे रॉबर्ट ब्रूसचं लक्ष गेलं ते १८२३ मध्ये, आणि आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला १८३९ मध्ये. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मसाला घातलेला बिनदुधाचा चहा त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून होता.

सुरतेच्या पेढीवरचा चहा आणि शेणव्याच्या चुलीवरचा चहा यांची मी थेट सोयरीक जोडत नाही. पण दोन्हीकडे एकच शहाणपण दिसतं. सुंठ, मिरी, तुळस, गूळ यांचा काढा आपल्या घराघरांत होताच. परकी पत्ती आली, तिला आपल्या माणसांनी त्या काढ्यात सामावून घेतलं.

दुधासाखरेचा चहा ही रीत साहेबाची. पुण्यात तो प्रकरण होऊन बसला. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या समारंभात न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी जमली आणि तिथे चहा पुढे आला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. मग ग्रामण्य उभं राहिलं आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षं गाजला. एका कपापायी एवढं!

तोच चहा पुढे घरोघर गेला तो जाहिरातीच्या जोरावर. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर प्रचारासाठी कर बसवणारा कायदा झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेल्वेच्या फलाटांवर आणि गिरण्यांत चहा दिसू लागला. १९३० नंतरच्या मंदीत परदेशातली मागणी घसरली, तेव्हा मळेवाल्यांनी देशातल्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. गावोगाव गाड्या फिरल्या, फुकट कप वाटले गेले, चहा 'योग्य रीतीनं' कसा करावा याचे तक्ते लागले. या प्रचारकांना मसाल्याचं प्रेम नव्हतं, कारण मसाला आला की पत्ती कमी लागते. महात्मा गांधींनी चहाविरुद्ध लिहिलं, तरी चहा थांबला नाही. पुढे सीटीसी यंत्राची बारीक, स्वस्त, कडक पत्ती आली. ती दूध पेलू शकत होती. शहरांना डेअरीचं दूध मिळू लागलं आणि दुधाचा चहा हीच पाहुणचाराची खूण ठरली. ज्याच्या घरी दूध नाही, तो आपोआप उणा ठरला.

शेणव्याच्या परिसरातल्या कुणबी घरांत आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर दूध आणायचं कुठून? गावठी गाई बैलांसाठी आणि शेणखतासाठी पाळायच्या. वासराचं पोट भरून उरेल तेवढंच दूध. आणि गंमत पाहा, मुंबईकरांच्या चहातलं पाणी मात्र याच तालुक्याचं. तानसा धरण १८९२ चं. भातसा तर आज मुंबईला जवळपास निम्मं पाणी पुरवतं. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मी आजीकडे दूध मागत होतो, तेव्हा वर्षभर पीत होतो तिच्याच मुलखातलं पाणी. संकोच कोणाला वाटायला हवा होता?

आज मुंबईच्या हॉटेलात आल्या-लिंबाचा 'ब्लॅक टी' दुधाच्या चहापेक्षा महाग मिळतो. तो मागवताना कोणी खाली मान घालत नाही. आजी हे पाहायला नाही. तिची माफी मागायचीही राहून गेली.

अजून डिसेंबरात मी शेणव्याला जातो. घर बदललं, चूल गेली, गॅस आला. परसातला गवती चहाचा ठोंब मात्र तग धरून आहे. मामेभावाची सून विचारते, "काका, दूध घालू ना?" मी म्हणतो, "नको गं पोरी. कोराच दे. आणि गूळ घाल."