पंडितेने टाकलेले शब्द

यवत मागे पडतं आणि तुम्ही बोचकं जवळ ओढता. मार्च 1922. जीआयपी रेल्वेचा तिसरा वर्ग, लाकडी बाक, खिडकीतून उडत आलेली कोळशाची कणी डोळ्यात. चोळू नका, आणखी आत जाईल. केडगावला तुमच्याबरोबर दोघंतिघंच उतरतात. "मुक्ती कुठं?" एवढं विचारलंत तरी पुरतं. समोरचा बोलत नाही, नुसता हात करतो.

'मुक्ती' म्हणजे पंडिता रमाबाईंचा आश्रम. त्यांनी ही शंभरेक एकर जमीन घेतली तेव्हा पुण्याहून इथे मुक्काम हलवायचा विचार पक्का नव्हता. 1896-97 चा दुष्काळ आला, त्या मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, पुण्यात प्लेग शिरला आणि माळावर मांडव पडले. 1900 मध्ये गुजरातचा दुष्काळ. त्या सुमाराला इथे दोनेक हजार माणसं जेवत होती. आता कुंपणाच्या आत शिरलात की आधी मागाचा ठकठकाट कानावर येतो, मग तेलाच्या पेंडीचा वास, मग गोठ्याचा. तुम्हाला जायचंय तिथे मात्र रॉकेलचा आणि शाईचा वास आहे.

छापखान्यात सगळ्या बायकाच. तिशीची एक बाई लाकडी खणांसमोर उभी आहे. उजवा हात खणांतून फिरतोय आणि नजर भलतीकडे, समोर टाचलेल्या कागदावर. गुजरातच्या दुष्काळात आली तेव्हा ती सातआठ वर्षांची होती. नाव विचारू नका. इथे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि मग हळहळतो, त्याचा तिला कंटाळा आहे.

"जुळवून बघायचंय?" ती पट्टी तुमच्या हातात देते. शिशाचे खिळे हाताला गार लागतात. अक्षर उलटं असतं हे माहीत असूनही तुम्ही दुसराच खिळा उपडा बसवता. ती हसत नाही, काढते, पुन्हा लावते. देवनागरीचे खण किती! अर्धी अक्षरं निराळी, जोडाक्षरं निराळी, काना-मात्रांची घरं निराळी. तासाभरात तुमची कंबर धरते. ती सकाळपासून उभी आहे.

ही जुळणी चालली आहे अख्ख्या बायबलची. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ एकटीने भाषांतर करत राहिल्या. छपाई या बायकांची.

"बाई आत आहेत," ती म्हणते. "ऐकू येत नाही त्यांना. उगाच बोलायला जाऊ नका, नुसते बघून या."

दाराशी थांबा. त्रेसष्ट वर्षांची बाई, आखूड कापलेले पांढरे केस, पांढरं साधं लुगडं. डोळे घारे, अजून तीक्ष्ण. समोर मुद्रितांचा ढीग. लेखणी ओळीवरून सरकते, थांबते, एक शब्द खोडते. मान वर होत नाही. गेल्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती मुलगी, चाळीस वर्षांची. आईच्या पश्चात हे सगळं तीच चालवणार असं सर्वांनी धरलेलं. मुद्रितं त्यानंतरही तपासली जात आहेत.

हा खोडलेला शब्द जरा बघा. रमाबाईंचा खरा त्याग या खोडण्यात आहे असं मला वाटतं. रमाबाईंनी सोडलेल्या गोष्टींची यादी लोक चटकन सांगतात: जात, समाज, सुख. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा आप्तमित्र दुखावले. 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदन या शाळेत मुलींचं धर्मांतर होतंय या आरोपावरून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हे खरंच, पण यातलं बरंचसं लोकांनी त्यांच्याकडून काढून घेतलं. संस्कृत मात्र कुणी काढून घेतलं नव्हतं.

आणि संस्कृत त्यांचं काय नव्हतं! अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला शिकवलं, त्याबद्दल समाजाचा रोष घेतला. त्या आईने मुलीला शिकवलं. भटकंतीत घराचं पोट चालायचं ते पुराण सांगून. 1874 च्या दुष्काळात आईबाप गेले आणि भावाबरोबर पायी देश तुडवताना या मुलीपाशी शिल्लक होते ते पाठ केलेले श्लोक. 1878 मध्ये कलकत्त्याने 'पंडिता' म्हटलं ते त्याच बळावर.

ती पंडिता आता मुद्रितातून संस्कृत वेचून बाहेर काढते आहे. आधीचं मराठी बायबल त्यांना पंडिती वाटे, आणि त्यातल्या शब्दांना जुन्या धर्मकल्पना चिकटलेल्या वाटत. 'प्रायश्चित्त' घ्या. तुम्हाआम्हाला कळतो, पण त्याच्यामागे गोमूत्र, दक्षिणा, वाळीत पडलेलं घर असं सगळं लटांबर येतं. गोठ्यातल्या बाईला वाचायचंय, तर शब्द तिच्या तोंडातला हवा. जिभेवर आपसूक येणारा घाटदार शब्द दर ओळीला गिळायचा, वर्षानुवर्षं, आणि तेही कुणाच्या लक्षात न येता. लिहिण्याचा थोडाफार धंदा करणाऱ्या माणसाला विचारा हे कसं लागतं ते. उपास परवडला.

भाषांतर सरस उतरलं का? माझ्या मते सगळीकडे नाही. काही वाक्यं मुळाला इतकी चिकटून राहतात की मराठी अवघडते. पुढे बहुतेक मंडळ्यांनी जुनंच वापरात ठेवलं. म्हणजे एवढं सोडून यशही हाती लागलं नाही, आणि त्या खोलीतल्या बाईला ते कळण्याची सोय नाही. 5 एप्रिलला त्या जातील. छापून पुरं व्हायला 1924 उजाडेल.

तुम्ही छापखान्यात परतता. तुमच्या जोडीदारणीने मघाचं दुरुस्त पान समोर घेतलंय. 'प्रायश्चित्ता'ला तीन जोडाक्षरं लागली असती, साध्या शब्दाला एकही नाही, तिचा हात तेवढाच वाचतो. पलीकडच्या टेबलावर कालचं छापून झालेलं पान आहे, दोरीने बांधलेलं. ती त्याची दोरी सोडते, फडक्याने शाई पुसते आणि खिळे सुटे करायला बसते. क खणात, म खणात, वेलांट्या वेगळ्या. पुढच्या पानाला हेच लागणार.

"बसताय तर मात्रा निवडा," ती म्हणते, आणि मूठभर शिसं तुमच्यापुढे ओतते.