मूत्रवाहिनी स्टेंट

मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आतून बसवलेली मऊ, पोकळ नळी. दोन्ही टोके इंग्रजी ‘जे’सारखी वळलेली, म्हणून ‘डीजे स्टेंट’. हा आकार १९७८ पासून प्रचारात आला. लांबी साधारण २४ ते २६ सेंमी., जाडी जेमतेम २ मिमी. दुर्बिणीने खडा फोडल्यावर मूत्रवाहिनी सुजते, चुरा अडकतो. नळीमुळे लघवी वाहती राहते. साध्या शस्त्रक्रियेत ती टाळताही येते.

नळी असेपर्यंत वारंवार लघवी, जळजळ, लघवी करताना कुशीत कळ, कधी लालसर लघवी हे नेहमीचेच. थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खरा धोका नळी काढायला विसरण्याचा. खडा गेला, कळ थांबली, की नळी आत आहे हेच ध्यानात राहत नाही. महिने उलटले की तिच्यावर क्षार चढतात आणि नळीचाच खडा होतो. कर्नाटकातल्या निपाणीकराला महाराष्ट्रातले कोल्हापूर सुमारे ४० किमी., आपल्याच राज्यातले बेळगाव ७५. शस्त्रक्रिया एका राज्यात आणि नळी काढणे दुसऱ्यात, असेही होऊ शकते. अशा वेळी डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. नळी टाकल्याची नोंद त्यावरच असते.