परदेशातील उमेदवारी आणि विद्यापीठाची थैली

‘उमेदवार’ हा शब्द अलीकडे निवडणुकीने आपल्या घरी पळवून नेला आहे. पूर्वी त्याचा अर्थ फार साधा होता. कचेरीत, वैद्याच्या घरी किंवा कारागिराच्या दुकानी, बहुधा बिनपगारी राहून, जो काम शिकतो तो उमेदवार. हल्लीची कॉलेजातील मुले ज्याला ‘इंटर्नशिप’ म्हणतात, ती हीच उमेदवारी होय. पदवी हाती येण्यापूर्वीच विद्यार्थ्याने परदेशी जाऊन काही महिने अशी उमेदवारी करावी, आणि त्या महिन्यांचा खर्च त्याच्या विद्यापीठामार्फत त्याला मिळावा, ही व्यवस्था आज युरोपात रूढ झालेली आहे. ती रूढ होण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळाचा काही भाग आपल्याही इतिहासात पडतो.

इ. स. १८८२ मध्ये पुण्याचे केशव मल्हार भट अमेरिकेतील बोस्टन येथे ‘मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ ह्या संस्थेत शिकण्यास गेले. त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे प्रायश्चित्ताचा प्रश्न. पण त्याहूनही बिकट प्रश्न पैशाचा होता. तो प्रश्न सोडविण्याचा एक मोठा खाजगी प्रयत्न जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली केला. त्यांच्या निधीतून मिळे ते कर्ज. शिकून आलेल्याने ते फेडावयाचे, म्हणजे पुढच्यास जाता येईल. आरंभी हा निधी पारशी समाजापुरता होता. १८९४ मध्ये तो सर्व हिंदी विद्यार्थ्यांना खुला झाला. दुसरा प्रकार संस्थानिकांचा. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड देण्याचे ठरले आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेण्यात आला. कर्ज काय किंवा करार काय, विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यावर दोहोंचा बोजा राहतोच. तथापि त्या बोजाशिवाय ही माणसे गेलीच नसती, हेही तितकेच खरे.

१९०४ मध्ये सरकारने एक पाऊल उचलले. हिंदुस्थान सरकारने धंदेशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. वर्षास दीडशे पौंड, म्हणजे महिन्यास साडेबारा पौंड. (गणित शिकविण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा असा भागाकार केल्यावाचून मला राहवत नाही.) खाणकाम, विणकाम अशा विषयांसाठी तरुण विलायतेस जाऊ लागले. पुस्तकी शिक्षण उत्तम मिळाले, प्रयोगशाळा मिळाल्या. अडचण आली ती कारखान्याच्या दारात. हिंदी विद्यार्थ्यास आपल्या कारखान्यात काम शिकू देण्यास अनेक इंग्रज कारखानदार नाखूष असत. आज शिकवावे आणि उद्या त्याच मालाचा प्रतिस्पर्धी उभा राहावा, हे त्यांना कसे परवडावे? सर थिओडोर मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील कमिटीने ह्या शिष्यवृत्त्यांचा विचार केला आणि १९१३ मध्ये तिचा अहवाल निघाला. पुढे १९२१-२२ मध्ये लॉर्ड लिटन यांची कमिटी विलायतेतील हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करीत होती, तेव्हाही कारखान्यातील शिक्षणाचा प्रश्न उभाच होता. शिष्यवृत्ती देणाऱ्याने जहाजाचे भाडे दिले, शिक्षणाची फी दिली, पोटापुरते दिले. दार मात्र उघडून दिले नाही. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासातील खरी मेख हीच आहे.

जेथे दार उघडले तेथे काय झाले, ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ईश्वरदास वार्ष्णेय हे संयुक्त प्रांतातील गृहस्थ जपानात व अमेरिकेत काचेची विद्या शिकून आले. इकडे अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार पैसा-पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला होता. त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला आणि त्याची सूत्रे वार्ष्णेयांकडे आली. तो कारखाना नुसता माल काढीत नव्हता, मुलांना काचकाम शिकवीतही होता. तेथे शिकलेल्या ओगल्यांनी पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस आपला कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्यापैकी वयस्कांच्या घरी अडगळीत तरी असेलच. एका माणसाच्या परदेशी उमेदवारीचे व्याज एवढे लांबवर पोहोचले. त्याच्या प्रवासाचा जमाखर्च मांडू गेल्यास हा कंदील कोणत्या रकान्यात धरावा, हे मला सांगता येणार नाही.

विद्यापीठाने स्वतः कारखान्याचे दार ठोठावावे, ही कल्पना मात्र अमेरिकेतली. सिनसिनाटी येथील विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९०६ मध्ये सत्तावीस विद्यार्थी घेऊन एक प्रयोग आरंभिला. विद्यार्थ्यांच्या जोड्या करावयाच्या. एक वर्गात असे तेव्हा दुसरा कारखान्यात, आणि मग अदलाबदल. कारखान्याची जागा रिकामी राहत नसे, आणि कामाचा रोज मालकाकडून मिळे. ही गोष्ट लहान दिसते. परंतु विद्यार्थी एकटा अर्ज घेऊन हिंडत नव्हता. त्याच्या पाठीशी त्याची संस्था उभी होती.

परदेशाच्या बाबतीत हीच सोय दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जेम्स न्यूबी यांच्या पुढाकाराने दहा युरोपीय देशांचे प्रतिनिधी जमले आणि शास्त्रीय व औद्योगिक शाखांतील विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीसाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ निघाले. ‘आयेस्टे’ ह्या नावाने ते आजही ओळखले जाते. तत्त्व सरळ होते: तुमच्या विद्यार्थ्यास आमच्याकडे जागा, आमच्याला तुमच्याकडे. राहण्याजेवण्यापुरते वेतन यजमान कारखान्याने द्यावयाचे. तीन वर्षांपूर्वीच महायुद्धातून बाहेर पडलेल्या खंडातील ही राष्ट्रे! त्यांची मुले एकमेकांच्या कारखान्यांत हातोडी धरू लागली, हे मला कोणत्याही तहनाम्याहून मोठे वाटते. तरीपण जाण्यायेण्याचे भाडे बहुधा विद्यार्थ्यालाच घालावे लागे. आणि ज्याच्या घरी भाड्याचे पैसे नाहीत त्याला उघडे दार आणि बंद दार सारखेच.

येथून पुढची पायरी पैशाची. जून १९८७ मध्ये युरोपीय राष्ट्रांनी ‘इरॅस्मस’ योजना संमत केली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी गेले, ते अभ्यासासाठी. उमेदवारीस जाणाऱ्यांची सोय निराळ्या योजनांत होती; २००७ पासून तीही इरॅस्मसमध्ये आली. पैसा युरोपीय संघाचा, पण विद्यार्थ्याची निवड करून त्याला तो देणारी त्याची स्वतःची शिक्षणसंस्था. विद्यार्थी, विद्यापीठ आणि कारखाना अशा तिघांच्या सह्यांचा करार होतो. काय काम शिकावयाचे, देखरेख कोणाची, पदवीत त्याची नोंद कशी, हे त्यात लिहिलेले असते. २०१४ पासून उमेदवारीची किमान मुदत दोन महिन्यांवर आली. यजमानाने वेतन दिलेच पाहिजे असे बंधन नाही, आणि येथेच कित्येकांची कुचंबणा होते, कारण अनुदान सर्व खर्च भागविण्याइतके नसते. म्हणून २०२१ पासूनच्या नियमांत उमेदवारी करणाऱ्यास महिन्यास १५० युरो आणि प्रतिकूल परिस्थितीतील विद्यार्थ्यास २५० युरो अधिक देण्याची तरतूद झाली. म्हणजे गरिबाच्या मुलास जास्त लागते, ही साधी गोष्ट कागदावर येण्यास बरीच वर्षे गेली.

त्याच २०२१ साली ब्रिटनने इरॅस्मसच्या बाहेर पडून ॲलन ट्युरिंग ह्या गणितज्ञाच्या नावाने स्वतःची योजना सुरू केली. विद्यापीठांनी सरकारकडे अर्ज करावा, मिळालेला पैसा आपल्या विद्यार्थ्यांना वाटावा; कामाच्या अनुभवासाठीही जाता येते, आणि गरीब विद्यार्थ्यास प्रवासखर्चही मिळतो. १९४८ मध्ये जे भाडे राहून गेले होते ते ह्या योजनेने निदान काहींना दिले. मात्र तिचा पैसा बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बाहेरून ब्रिटनमध्ये शिकण्यास येणाऱ्यांसाठी तिच्यात काही नाही. लंडनमधील त्या दहा राष्ट्रांच्या बैठकीत अदलाबदलीचे जे तत्त्व ठरले होते, त्याचा एक अर्धाच भाग ह्या योजनेत उरला आहे.