घोड्याच्या बरगड्या आणि राज्याचा हिशेब

कुरआनमधील १००वी सूरह, अल-आदियात, धावत्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र घोडा फक्त स्वाराखाली दिसतो. तो काय खात होता, भरलेला होता की रोडावलेला, हे कोणी विचारत नाही. जुन्या राज्यकर्त्यांना ते विचारावेच लागे.

सरदाराला स्वार बाळगण्यासाठी पैसा मिळे. तो खिशात घालायचा आणि हजेरीला उसने घोडे किंवा मरतुकडे तट्टू उभे करायचे, ही लबाडी फार जुनी. ती थांबवण्यासाठी अलाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) घोड्यांना दाग देणे आणि शिपायांचा हुलिया लिहिणे सुरू केले. शेरशाह आणि अकबर यांनी ही पद्धत पुन्हा आणली.

पण दागावरून घोडा कोणाचा ते कळते. तो पोटभर खातो का, ते कळत नाही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त ‘पागोश्त’ नावाचा नियम नोंदवला आहे. शाही जनावर किती रोडावले याचे दर्जे ठरवलेले होते, आणि त्यानुसार सांभाळणाऱ्यांना दंड होई.

आजचे पशुवैद्यही असेच दर्जे लावतात. १९८३ साली हेन्नेके यांनी मांडलेल्या पद्धतीत मान, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर, शेपटीचे मूळ असे भाग पाहून आणि चाचपून १ ते ९ गुण देतात. बरगडी दिसत नाही पण बोटांना सहज लागते, तो घोडा ५ गुणांचा. काटा नसेल तर छातीच्या घेराचा वर्ग गुणिले अंगाची लांबी (दोन्ही सेंटिमीटरमध्ये), भागिले ११,८७७ केले की अंदाजे वजन किलोत मिळते.

शिवाजी महाराजांचे चिपळूणकडच्या लष्करी छावणीला लिहिलेले पत्र याच संदर्भात वाचावे. दाणा-वैरण आताच बेफाम खर्च केली, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्यातला इशारा. पुढचा इशारा त्याहून मोठा आहे: मग लोक कुणब्यांकडचे दाणे, गवत, भाजी ओरबाडू लागतील, आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल.

म्हणजे घोड्याची भूक शेवटी शेतकऱ्याच्या घरात शिरते. आग्र्याच्या तबेल्यात दंड पगारातून कापला जाई. कोकणात तो कुणब्याने भरू नये, ही काळजी होती. पागा, तोबरा, जीन, लगाम हे फारसीतून आलेले शब्द मराठी लष्कराच्या रोजच्या बोलण्यात होते. मुलांना लढाया शिकवताना कोण जिंकले ते आपण सांगतोच. त्या घोड्यांची वैरण कोणाच्या शेतातून आली, हेही विचारायला शिकवले पाहिजे.