भाद्रपदांतील वाट

श्रावणाच्या सरी ओसरल्या, ओढ्यांचें पाणी उतरलें आणि वाटेवरचा चिखल थोडा आळला, म्हणजे महाराष्ट्रांतील माणसाचें पाऊल घरीं ठरत नाहीं. पूर्वीं भर पावसांत लांबचा प्रवास जवळजवळ बंदच असे. भाद्रपदांत तो पुन्हां सुरू होई, आणि एकदां घराबाहेर पडलेला मनुष्य एकच काम उरकून परत येत नसे. वसुलीस निघालेला कारकून वाटेंत बहिणीच्या घरीं मुक्काम करी, आणि जवळपास एखादें क्षेत्र असेल तर तेथील दर्शनहि घेई. कर्तव्य, आप्तांची भेट व मनाचा विरंगुळा हे तीन हेतू एकाच गांठोड्यांत बांधलेले असत. पवनेच्या तीरावरील चिंचवड आणि त्याच्या उत्तरेचें चाकण, या टापूच्या इतिहासांत ही रीत फार स्पष्ट दिसते.

चिंचवडचें नांव मोरया गोसावी यांच्याशीं कायमचें निगडित झालेलें आहे. परंपरा अशी सांगते कीं, त्यांचे आईवडील मोरगांवीं येऊन राहिले आणि तेथील मयूरेश्वराच्या उपासनेनें त्यांना हा पुत्र झाला. पुढें मोरया गोसावी चिंचवडास राहूं लागले, तरी मोरगांवची वारी त्यांनीं सोडली नाहीं. वार्धक्यांत ती होईनाशी झाली, तेव्हां कऱ्हेच्या पाण्यांत स्नान करतांना त्यांच्या हातीं गणेशाची मूर्ति आली व ती त्यांनीं चिंचवडास आणली, अशी कथा आहे. त्या मंगलमूर्तीची पालखी आजहि भाद्रपदांत व माघांत, म्हणजे वर्षांतून दोनदां, चिंचवडाहून मोरगांवास जाते. मोरगांव पुण्यापासून सुमारें ६५ किलोमीटर आहे.

या यात्रेकडे केवळ धर्मकृत्य म्हणून पाहिलें, तर तिचा अर्धाच अर्थ हातीं लागतो. पालखी नेणें हें देव घराण्याचें वंशपरंपरेनें आलेलें कर्तव्य. तो नेम चुकवून चालत नाहीं. परंतु जेथें ती जाते तें मोरगांव मूळ पुरुषाच्या आईबापांचें ठिकाण. ज्या दिवसांत लेकी गौरींच्या सणाला माहेरीं येतात, त्याच दिवसांत चिंचवडचा देवहि आपल्या मूळ घरीं जातो. आणि बरोबरच्या मंडळींना वाटेवरच्या भजनाचा रंग, कऱ्हेकांठची जत्रा व जुन्या स्नेह्यांच्या गांठीभेटी यांचा लाभ घडतो. काम, नातें आणि आनंद यांची वांटणी करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

मात्र वाट मोकळी असणें ही गोष्ट सदैव गृहीत धरण्यासारखी नव्हती. मोरया गोसावींच्या समाधीवरील मंदिराचें काम चिंतामणि महाराजांनीं १६५८-५९ च्या सुमारास केलें. त्यानंतर लवकरच, १६६० च्या मे महिन्यांत, शाहिस्तेखान मोंगल फौज घेऊन पुण्यांत आला, आणि जूनमध्यें त्यानें चाकणच्या किल्ल्यास वेढा घातला. हा किल्ला डोंगरावरचा नव्हे, सपाटीवरचा भुईकोट. पण पुण्याहून जुन्नर-नाशिककडे जाणारी वाट त्याच्या पहाऱ्याखालीं होती. फिरंगोजी नरसाळा यांनीं थोड्या शिबंदीनिशीं भर पावसांत तो सुमारें ५५ दिवस लढविला. अखेर शत्रूनें भुयार खणून सुरुंग डागला, एक बुरूज उडाला, आणि ऑगस्टच्या मध्यास किल्ला पडला. खानानें देऊं केलेली चाकरी फिरंगोजींनीं नाकारली, असें सांगतात. पुढें १६६३ च्या एप्रिलपर्यंत खान पुण्यांत ठाण मांडून होता. त्या तीन वर्षांत या मुलखांतील कुणब्याला बहिणीच्या गांवची वाट कितपत सुरक्षित वाटली असेल, याचा विचार करावा. सणाला माहेरीं जातां येणें, ही राज्य सुखरूप असल्याची खूण होय.

पुढें काळ पालटला. १८५८ मध्यें खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धांवूं लागली व ती चिंचवडावरून गेली. १९४७ च्या फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. मूळ गांवीं परतण्याची वाट ज्यांना कायमचीच बंद झाली, अशीं हीं माणसें. त्याच पिंपरींत १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें आणि कारखान्यांची रांग वाढत गेली. पिंपरी-चिंचवडास १९७० मध्यें नगरपालिका व १९८२ मध्यें महानगरपालिका मिळाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चाकणच्या शेतांतहि वाहनांचे मोठे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि त्याहूनहि दूरच्या प्रांतांतून माणसें येथें पोटासाठीं आलीं.

कारखान्याचा भोंगा एकच हेतु ओळखतो, तो म्हणजे काम. तरी भाद्रपद आला कीं जुनी रीत डोकें वर काढते. पिंपरीचा एखादा लहान कारखानदार मोटारींत सुट्या भागांचे नमुने घेऊन नाशिकच्या रस्त्यास लागतो. चाकणच्या चौकांत वाहनांच्या रांगेंत तो तास घालवितो, नमुने पोंचवितो, राजगुरुनगरास आत्याच्या हातचें जेवतो, आणि मुलांना जुन्नरचा शिवनेरी दाखवून रात्रीं परत फिरतो. बैलगाडी जाऊन मोटार आली. गांठोडें तेंच राहिलें.

तें सुटूं न देणें अगत्याचें आहे. ज्याच्या वाट्याला रस्त्याचें केवळ कामच येतें, त्याचीं मुलें आत्याचें घर ओळखीनाशीं होतात, आणि दोन पिढ्यांत गांव केवळ कागदावर उरतें. खेड-जुन्नरच्या बाजूस भाद्रपदाच्या अमावास्येला बैलपोळा असतो. त्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. त्याचीं शिंगें रंगवितात, त्याला पुरणपोळी चारतात आणि वाजतगाजत मिरवितात. जमिनी कारखान्यांस गेल्या त्या गांवांतहि ज्याच्या दावणीला बैल उरला आहे, तो हा सण पाळतो. बैलाच्या श्रमालाहि विसावा असावा, हें ज्या मुलखाला कळलें, त्यानें यंत्रापाशीं राबणाऱ्या माणसाचा भाद्रपद त्याच्यापासून हिरावून घेऊं नये.