गिलसाहेबाचे दोन डोळे

मेजर रॉबर्ट गिल म्हटलं की आपल्याला पारो आठवते. महानोरांची कविता, मग 2012 चा सिनेमा वगैरे. पण या माणसाने कॅमेरा घेऊन काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

गिलला 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. वर्षानुवर्षं खपून काढलेली ती तैलचित्रं लंडनला गेली आणि 1866 च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात बहुतेक जळाली. बॅकअप नाही! मधल्या काळात साहेबाला फोटोग्राफीचा नाद लागला होता, तोही स्टिरिओचा. 1864 साली लंडनमध्ये त्याच्या शंभर स्टिरिओ फोटोंचं पुस्तक निघालं, मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. फोटो छापलेले नाहीत, चक्क चिकटवलेले. अजिंठा, लोणारची देवळं, शिवाय शिकारीतली जनावरं पण!

तत्त्व साधं आहे. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि मेंदू त्यातून खोली काढतो. व्हीटस्टनने हे 1838 मध्येच दाखवलं, म्हणजे फोटोग्राफी जाहीर व्हायच्या एक वर्ष आधी.

भानगड होते ती डोंगरांत. अंतर दहापट झालं की दोन चित्रांतला फरक एक दशांश होतो. आमच्या कोराडीत तलावाच्या अलीकडून पॉवर स्टेशनच्या चिमण्या बघा. कुठली पुढे, कुठली मागे, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सगळ्या आकाशाला चिकटवल्यासारख्या. म्हणून फोटोग्राफर एक फोटो काढायचे, कॅमेरा बाजूला सरकवायचे आणि दुसरा काढायचे. ठोकताळा असा की सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाइतकं सरकायचं, म्हणजे 300 मीटरवरच्या कड्यासाठी 10 मीटर. तेवढ्यात ढग हलतात, सावल्या हलतात. आणि फार सरकलात तर डोंगर गणपतीच्या देखाव्यातल्यासारखा बुटका दिसतो.

अजिंठ्याला ही कटकट कमी. वाघोरेच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर जवळचा खांब, मधली दरी आणि समोरचा कडा एकाच चौकटीत येतात.

पण जे जळालं ते या फोटोंनी भरून निघालं का? माझ्या मते नाही. लेण्यांत अंधार, आणि त्या काळच्या कोलोडियनच्या काचेला लाल-पिवळा रंग जवळजवळ काळाच दिसायचा. चित्रं गेली ती गेली. दगड मात्र टिकला, तोही खोलीसकट.

गिल 1879 मध्ये वारला, भुसावळला पुरलाय. त्याचे फोटो ब्रिटिश लायब्ररीत आहेत. स्टिरिओ जोडी स्क्रीनवर बघायची तर नजर पार लांब, स्क्रीनच्या मागे सोडा, नव्वदच्या दशकातल्या त्या ठिपक्यांच्या पोस्टरसारखी. डोळे तिरळे करू नका, नाहीतर सगळं उलटं होतं : खांब मागे जातो आणि दरी अंगावर येते.