चेहऱ्याच्या मऊ ऊतींचे त्रिमितीय मापन

जबड्याची शस्त्रक्रिया हाडांवर होते. रुग्णाला आरशात दिसतात ते मात्र ओठ, गाल आणि हनुवटी. हाड जितके मागे सरकवले तितकाच त्यावरील ओठही मागे जातो, असे नाही. म्हणूनच हाड आणि त्वचा यांमधील मऊ ऊतींची जाडी उपचारापूर्वी मोजणे महत्त्वाचे ठरते.

अमेरिकेतील ब्रॉडबेंट व जर्मनीतील होफ्राथ यांनी १९३१ मध्ये डोके स्थिर ठेवून क्ष-किरण चित्र घेण्याची प्रमाणित पद्धत स्वतंत्रपणे मांडली. त्या सपाट चित्रात चेहऱ्याची बाजूची रेषा उमटते, परंतु गालांची जाडी समजत नाही. ही उणीव १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत विकसित झालेल्या कोन बीम सीटी यंत्राने बरीचशी दूर केली. यात शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरतो आणि मिळालेल्या प्रतिमांतून संगणक त्रिमितीय चित्र उभारतो. अनेक यंत्रांत रुग्ण ताठ बसलेला किंवा उभा असतो. रुग्णालयातील नेहमीच्या सीटीसाठी उताणे झोपावे लागत असल्याने गाल कानांकडे ओघळतात. येथे ते स्वाभाविक स्थितीत राहतात.

मर्यादाही लहान नाहीत. या चित्रात त्वचेची बाह्य कड स्पष्ट दिसते, पण आतील स्नायू, चरबी व ग्रंथी एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे कठीण जाते. त्यासाठी एमआरआय अधिक उपयुक्त ठरते. हनुवटीचा आधार किंवा कपाळपट्टी त्वचेला दाबते. चित्रणक्षेत्र अपुरे असल्यास नाकाचे टोकच कापले जाते. रुग्णाने ओठ आवळून धरले तर यंत्र कितीही उत्तम असले तरी माप चुकते.

या मोजमापांचा दुसरा उपयोग न्यायवैद्यकात होतो. स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८९५ मध्ये मृतदेहांवर सुईने ऊतींची जाडी मोजून, संगीतकार बाख यांची मानल्या गेलेल्या कवटीवरून चेहरा घडविण्यास मदत केली होती. अनोळखी कवटीवरून चेहरा साकारताना आजही अशीच कोष्टके लागतात, आणि युरोपीय आकडे भारतीय चेहऱ्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथील मापे येथेच घ्यावी लागतात. या दृष्टीने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय दंत महाविद्यालयासह अनेक दंत महाविद्यालये असलेल्या बंगळुरूसारख्या शहराचे महत्त्व आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो, आणि देशभरातून येणाऱ्या लोकवस्तीमुळे येथे चेहऱ्यांचे वैविध्यही मिळते.

कोन बीम सीटीतील किरणोत्सर्ग नेहमीच्या सीटीपेक्षा सहसा कमी असला, तरी साध्या दंत क्ष-किरण चित्रापेक्षा जास्त असतो. मुलांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. भारतात अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. केवळ मापांसाठी निरोगी व्यक्तीचे चित्रण करणे समर्थनीय मानले जात नाही. त्यामुळे अभ्यासक बहुधा अन्य कारणांसाठी आधीच घेतलेली चित्रे वापरतात. अर्थात ती दंतरुग्णांची असल्याने सर्वसामान्य लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करतीलच, असे नाही.